डिझाइनमध्ये नसलेला हौद

जनकाबाईच्या न्हाणीतला पाइप फुटला, हौदही पाझरायला लागला, तेव्हा पुण्यातल्या लेकानं मिस्त्रीला नव्या बाथरूमचं डिझाइन मोबाइलवर धाडलं. त्यात हौद नव्हता. "हौदाले नुसता गिलावा मार बापू, नळ पंधरा दिवसानं येते," ती म्हणाली. "भाऊ म्हनते तसंच करा लागीन, मावशी." मिस्त्रीनं हौदावर घण घातला. चकचकीत टाइल्स लागल्या, शॉवर लागला. आज नळ आला. तिनं हंडे भरले, बादल्या भरल्या, कुकर भरला, पिठाचा डबाही रिकामा करून भरला. भांडी संपली, एक लोटा तेवढा उरला, पाणी मात्र येतच होतं. तेवढ्यात लेकाचा व्हिडिओ कॉल आला. "शॉवर चालू करून दाखव ना, माय." एका हातात मोबाइल धरून तिनं चावी फिरवली. पाणी टाइल्सवरून मोरीकडे पळालं. "मस्त झालं ना?" "हाव राजा, लय मस्त." दुसऱ्या हातानं शॉवरखाली धरलेला लोटा केव्हाच भरून वाहत होता.