मुक्काम

इंदूरला एका हॉस्पिटलच्या मागे, आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी एका ट्रस्टने मोफत निवास बांधला. खोल्यांचं इंटिरियर अनुश्रीने केलं होतं. सगळ्यात जास्त मेहनत तिने कपाटांवर घेतली होती. कडा गोल, रंग पिवळा आणि खालचे कप्पे लहान मुलाचा हात पोचेल असे. पण राहायला आलेलं कुणीच ती कपाटं वापरेना. सगळ्यांचं सामान पलंगाखाली, बॅगांमध्ये.

शेवटी तिने बुऱ्हाणपूरहून आलेल्या अंबिकाला विचारलंच.

"अंबिकाजी, अलमारी पसंत नाही आली का?"

"अलमारी तर एक नंबर आहे, दीदी. पण सामान लावलं ना, की मुक्काम वाढतो म्हणतात. आम्हाला तर पियुषला बरं करून फटाफट घरी जायचंय. तुम्हीच ठेवा तुमच्या साड्या त्यात!"

पलंगावर पडलेला तिचा मुलगा पियुषही खुदकन हसला.

पुढच्या खेपेला अनुश्री आली, तेव्हा पियुष झोपला होता. अंबिका जमिनीवर बसून बॅगा रिकाम्या करत होती. त्याचे स्वेटर, शाळेचा युनिफॉर्म, एकेक कपडा नीट घडी करून कपाटात ठेवत होती.

"अरे वा! लावलं का शेवटी सामान?" अनुश्री खूश होऊन म्हणाली.

अंबिकाने मान वर केली नाही. पुढचा शर्ट घडी घालायला घेतला.


"सकाळी डॉक्टरसाब म्हणाले, आता इलाज काही उरला नाही, ह्याला घरी घेऊन जा."