जावयाचा मान

"करा सही, वहिनी. जावई घरचेच आहेत, फी घेणार नाहीत," म्हणत दिराने शालनच्या हातात पेन कोंबलं. तिच्या निवृत्तीचा सगळा फंड आता दिराचा जावई गुंतवणार होता.

शालनने पेन खाली ठेवलं. "मग तुमचं घर कशावर चालतं, जावईबापू?"

"कंपनी कमिशन देते ना, काकू."

"कुणाच्या पैशातून?"

जावयाने सासऱ्याकडे पाहिलं. "जावयाची उलटतपासणी घेता?" दीर कडाडला.

शालन आत जाऊन नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन आली. जावयाला टिळा लावून तिने सगळं त्याच्या हातात दिलं.

"फंडाचं मी चौकातल्या गुंतवणूक सल्लागार मॅडमना विचारीन. त्यांनी आपली फी पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितली. जावयाचा मान एवढाच असतो, भाऊजी. माझा फंड त्यात येत नाही."