येते हं

ऋजुताच्या स्वप्नाबाहेर चपला काढून मानसोपचारतज्ज्ञ शर्वाणी केळुसकर आत शिरल्या. अंगणात घोटाभर ढग साचले होते. ऋजुता पायरीवर बसून होती. वारलेली आई इथे रोज भेटायची, म्हणून हल्ली तिला जागंच व्हावंसं वाटत नसे.

आई आली. तिने लेकीचे केस सारखे केले आणि निघताना म्हणाली, "येते हं!"

"आज एकदा ‘जाते’ म्हणा ना," शर्वाणी हळूच म्हणाल्या.

"इश्श! असं म्हणतं का कुणी?" आई हसली.

मग ऋजुताच उठली. तिने वाकून नमस्कार केला. "आई, जा तू आता."

आई ढगांतून चालत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

क्लिनिकमध्ये जाग आल्यावर ऋजुताने डोळे पुसले, पर्स उचलली. "जाते, डॉक्टर."

‘जाते म्हणू नये, येते म्हणावं,’ हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून शर्वाणींनी दार उघडलं.