पुण्याहून आलेली दोघं

बहात्तरच्या दुष्काळात कळंबजवळच्या एका खेड्यातून कोंडिबा पुण्याला कारखान्यात कामाला गेला. त्याच साली त्याची बहीण गुलाबही लग्न होऊन पुण्यालाच गेली. पुढच्या पंचमीला दोघं एकाच एसटीनं गावी आली. पुण्यात नळावरच्या बायका गुलाबच्या बोलण्याला हसायच्या, म्हणून ती हल्ली कुणाशी बोलतच नव्हती. हे आईला सांगायचं आणि थोडे महिने इथंच राहू दे म्हणायचं, असं तिनं वाटेतच ठरवलं होतं.

आईनं, जाईबाईनं, लेकाला ताट वाढलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "परक्या मुलखात करमतं का रं लेकरा?"

"न्हाय गं माय. लई एकटं वाटतं."

जाईबाईच्या डोळ्यांना धार लागली. "कशाला धाडलं म्या तुला!" म्हणत तिनं पदरानं डोळे पुसले आणि चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या गुलाबकडं वळून पाहिलं. गुलाबचे हात थांबले. आता आई आपल्यालाही विचारील, म्हणून तिनं मान वर केली.

"आन् तू गं," जाईबाईनं विचारलं, "कधी जानार तुज्या घरी?"