उरलेलं तारण

फर्निचरवाल्याच्या दुकानाला त्याच्या बायकोच्या शिवणकामाच्या कंपनीने निव्वळ विश्वासावर मोठी रक्कम उसनी दिली होती. आता दुकान तगवायचं तर बँकेचं कर्ज हवं होतं, आणि बँकेची अट होती की आधी बँकेची फेड होईल, बायकोच्या कंपनीची नंतर, आणि तसं तिने सही करून मान्य करायचं. दुपारभर बँकेच्या अधिकाऱ्याच्या हातून कपाटांवर, आरशांवर, अगदी मालकाच्या खुर्चीवरही ‘बँकेकडे तारण’ अशा चिठ्ठ्या चिकटत गेल्या; जणू सगळं दुकान डोळ्यांदेखत, निमूटपणे परकं होत होतं.

“कर गं बाई सही,” फर्निचरवाला काकुळतीने म्हणाला.

“करते की! पण माझ्या पैशांना तारण काय?”

“इथे आता उरलंय काय? मीच तेवढा उरलोय.”

तिने शांतपणे सही केली. मग अधिकाऱ्यापुढची एक कोरी चिठ्ठी उचलून तिच्यावर ठसठशीत अक्षरांत ‘बायकोकडे तारण’ असं लिहिलं आणि ती नवऱ्याच्या खिशावर चिकटवली.

बँकेच्या अधिकाऱ्याने चष्म्यावरून त्याला टकलापासून बुटांपर्यंत न्याहाळलं.



“मॅडम, हा माल आम्ही मुद्दामच सोडला होता.”