खुर्चीत सांगितलेलं

“दाढी जरा नीट कर,” घड्याळवाले म्हणाले. “इथून थेट पोलीस ठाण्यात जायचंय. धाकट्याचं नाव देऊन येतो.”

सलूनवाल्याचा ब्रश गालावर होता तिथेच थांबला. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण सकाळी दुकान उघडलं की त्याची बडबड सुरू व्हायची ती शटर ओढेपर्यंत. धाकटा म्हणजे घड्याळवाल्यांचा सख्खा भाऊ. कोपऱ्यावरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान दोघांनी मिळून आयुष्यभर चालवलं होतं. कितीही भांडले तरी दुपारी एकाच डब्यातून जेवायचे.

घड्याळवाले डोळे मिटून सांगू लागले. कुणीतरी त्यांच्या नावाने बँकेला फोन केला होता. बँकेने खात्री करण्यासाठी विचारलं, आईचं माहेरचं आडनाव काय, पहिली शाळा कोणती, लहानपणी पाळलेल्या कुत्र्याचं नाव काय. त्या माणसाने सगळी उत्तरं घडाघडा दिली, खात्यावरचा फोन नंबर बदलून घेतला आणि घड्याळवाल्यांच्या नावावर भलंमोठं कर्ज उचलून पसार झाला.

“आडनाव एक वेळ कुणीही शोधून काढेल,” ते म्हणाले. “पण फुग्या? ते कुत्रं मरून जमाना झाला. आई गेली, वडील गेले. ते नाव ठाऊक असलेली दोनच माणसं उरलीत, मी आणि धाकटा. परवा त्याला दुकानातून हाकलला. एक अक्षर बोलला नाही. खरा असता तर बोलला असता ना?”

फुग्या रेडिओलाही ठाऊक होता. याच खुर्चीत, असेच डोळे मिटून, घड्याळवाल्यांनी कधीतरी ते कुत्रं त्याला सांगितलं होतं. फुगा गिळला म्हणून फुग्या. तोंडाला साबण लागला की माणूस काय काय बोलून जातो आणि टॉवेल झटकला की विसरतो. रेडिओ विसरत नसे. एकाचं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याला, आणि कात्री चालती ठेवायची, हाच त्याचा धंदा. त्यात त्याला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

मध्यंतरी एक नवं गिऱ्हाईक यायला लागलं होतं. केस वाढलेले नसतानाही यायचं, मऊ बोलायचं आणि सारखं चुकायचं. घड्याळवाल्यांच्या आईचं माहेर म्हणून भलतंच घराणं सांगायचं, शाळा म्हणून भलतीच शाळा. कुणी चुकीचं बोललं की रेडिओला राहवत नाही. तो आडनाव दुरुस्त करी, शाळा दुरुस्त करी, आणि गिऱ्हाईक कौतुकाने म्हणे, कमाल आहे बुवा तुमची. रेडिओ खुलायचा. घड्याळवाल्यांनी म्हणे लहानपणी मांजर पाळलं होतं, असं ते गिऱ्हाईक म्हणालं, तेव्हा तर रेडिओने कात्री खाली ठेवून फुग्याची अख्खी गोष्ट नकलेसकट करून दाखवली होती. दोघं पोट धरून हसले होते.

साबण लावलेल्या गालालाच तो पुन्हा साबण लावत राहिला. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. कळलं, तर या खुर्चीत पुन्हा कोण बसेल? त्याने एक गाल उरकला. वस्तरा धुतला. धुतलेलाच पुन्हा धुतला.

“काका,” तो म्हणाला, “फुग्याचं नाव मी सांगितलं.”

घड्याळवाल्यांनी डोळे उघडले. मग रेडिओने सगळं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदाच तिखटमीठ न लावता. बाकावर नंबर लावून बसलेल्या शिंप्याने पेपर खाली केला. आपण या खुर्चीत काय काय बोललो ते तो आठवत असावा. मग नंतर येतो म्हणाला आणि रेडिओकडे न बघता निघून गेला.

“कोण तो? नाव काय त्याचं?”

रेडिओने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की नाव त्याने विचारलंच नव्हतं. राहतो कुठे, करतो काय, घरी कोण असतं, काहीच नाही. इतक्या वेळा ते डोकं त्याच्या हातात होतं.

“डोक्यावर दोन भोवरे आहेत त्याच्या,” तो म्हणाला. “बाकी काही माहीत नाही. बोलत मीच होतो.”

आता हे उठून कानाखाली ठेवून देतील, असं त्याला वाटलं. ठेवून दिली असती तर बरंही वाटलं असतं. पण घड्याळवाले त्याच्याकडे बघतच नव्हते. ते आरशात स्वतःकडे बघत होते, एक गाल साफ, एक गाल साबणाचा.

“चोर म्हणालो मी धाकट्याला,” ते म्हणाले. “भर दुकानात.”

त्यांनी खिशातून फोन काढला, धाकट्याचा नंबर लावला आणि फोन रेडिओच्या हातात कोंबला.

“तू सांग. मला त्याच्याशी बोलायला तोंड नाही.”

फोन लगेच उचलला गेला.

“दादा?”

रेडिओने मागे पाहिलं. घड्याळवाल्यांनी टॉवेलमध्ये तोंड लपवलं होतं. त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

“दादा, बोल ना रे,” धाकटा म्हणत होता. “बरा आहेस ना तू?”