मेंढीचं पिल्लू

इंग्रजीत पमी कधी म्हणून चुकत नसे, पण आज पोलीस दिसला तर चुकायचं ठरलं होतं. समोरच्या गॅलरीतून तिच्या मैत्रिणीने, मॉडने ओरडून प्रश्न विचारायचा, इकडून पमीने ओरडून उत्तर द्यायचं. दोघींची ही उजळणी गिरगावातल्या त्या वाडीला रोजचीच होती. खाली बंद छापखान्यात पमीचे आप्पा संयुक्त महाराष्ट्राच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन दाराला कान लावून बसले होते. उत्तर बरोबर आलं तर निघायचं, चुकलं तर आतच थांबायचं.

हवालदार आला तो नेमका छापखान्यापाशीच विडी पेटवून उभा राहिला.

"मेंढीच्या पिल्लाला काय म्हणतात गं, पमे?" मॉडने ओरडून विचारलं.

"काफ!" पमी ओरडली.

हवालदार वर बघून हसला. "अगं खुळे, लॅम्ब! लॅम्ब म्हणतात!"

त्याचा आवाज वाडीभर घुमला आणि छापखान्याची कडी वाजली.

"चूक!" पमी जिवाच्या आकांताने किंचाळली. "साफ चूक! काफच! होय ना गं मॉड?"

"काफच!" मॉडने ठासून सांगितलं.

कडीचा आवाज थांबला. हवालदार मात्र ओशाळला. "तुम्ही शिकलेल्या पोरी, तुमचंच खरं असणार." त्याने खिशातून कागद-पेन्सिल काढली. "बरं झालं सांगितलंस, बाय. माझ्या पोरीचा उद्या इंग्रजीचा पेपर आहे."

आणि एकेक अक्षर पमीलाच विचारून त्याने ते नीट लिहून घेतलं.